बकुळीवरची हरकत

काळाचौकीच्या त्या चाळीत पाणी साडेसातला जातं, म्हणून सातला जयवंत परबांच्या घरात बोलायला कुणाला सवड नसते. रखमा मोरीत कळशा भरत होती, जयवंतराव पिंपाच्या तोंडाला फडकं बांधत होते, आणि दार वाजलं. चाळकरी सकाळचा हाक मारून आत शिरतो. दार वाजवणारा बाहेरचाच.

"इली बघा तुमची हरकत," रखमा म्हणाली.

दार वाजवलं होतं ते महापालिकेच्या उद्यान खात्यातल्या मानसी मॅडमनी, हातात फाईल. मागे चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी राजेश.

चाळीच्या जागी टॉवर व्हायचा होता. अंगणातली कडेची झाडं राहणार होती, पण मधोमधची बकुळ उपटून मागच्या कोपऱ्यात लावायची होती. कायद्याने झाडाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, म्हणून खोडावर नोटीस चिकटली: हरकत असल्यास कळवा. अख्ख्या चाळीतून एकच अर्ज गेला, जयवंतरावांचा.

जयवंतरावांची गिरणी बंद पडली त्या वर्षी रखमाने माहेराहून डालडाच्या डब्यातून बकुळीचं रोप आणलं होतं. ती अजून बकुळीला माहेरच्यासारखं ओवळच म्हणते. जयवंतराव पुढे तीस वर्षं शिवाजी पार्कच्या बंगल्यांतून माळीकाम करत राहिले. दुसऱ्यांच्या बागा सांभाळून आले की संध्याकाळी बकुळीच्या बुंध्याशी बसायचे.

"काका, नऊ वर्षं लटकलोय आपण," राजेश म्हणाला. "माझी आई ऐंशीची. गॅलरीच्या टोकाला संडासला जाते, भिंत धरधरून. एका झाडापायी तिला आणखी किती चालवणार?"

"आईचं मला नको सांगूस रे. हिचे गुडघे बघ. घर मलाही पायजे."

"मग घोडं अडलं कुठे?"

"पलीकडच्या कंपाउंडात पाच झाडं हलवली. जाऊन बघ, पाच वाळके खांब उभे आहेत."

"सायबीणबाईंका बसूक तरी सांगा," रखमाने मधेच स्टूल सरकवलं. "उभ्या उभ्याच भांडतले."

मानसी मॅडम बसल्या. "आजोबा, देखभालीची अट आम्ही घालतो. तरी हरकत ठेवायची असेल तर सुनावणी लागेल. वेळ जाईल."

जयवंतराव गॅलरीत गेले. खाली बकुळीच्या फुलांचा सडा तुडवत मुलं शाळेला निघाली होती. पाणी काय, कुणीही घालेल. पण झाडाची मावळतीकडची साल वर्षानुवर्षं दुपारचं ऊन खाऊन निबर झालेली असते, उगवतीकडची कोवळीच राहते. क्रेनवाला झाड उचलतो आणि येईल तसं खड्ड्यात सोडतो. झाड फिरलं की कोवळी साल मावळतीला येऊन भाजते, आणि मुळं धरण्याआधीच झाड जातं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका बंगल्यातला सोनचाफा स्वतःच्या हातून गेला, तेव्हा कळलं होतं.

ते आत आले. "आणा कागद. मागे घेतो."

राजेशने सुस्कारा सोडला. रखमाने कळशी खाली ठेवली. जयवंतरावांनी सावकाश सही केली, पण कागद लगेच सोडला नाही.

"मॅडम, एक अट हाताने लिहा. खोडाच्या उगवतीच्या बाजूला मी आज चुन्याची रेघ मारतो. नव्या खड्ड्यातही ती रेघ उगवतीलाच ठेवा."