पंपाच्या मासिकाचा वर्गणीदार

कंपनीत तिला सगळे पत्तेबाई म्हणत. नवा वॉचमन आला की पहिला आठवडाभर तिच्याकडे चोरून बघायचा. त्याला वाटायचं, बाई जुगारातली आहे. बाईनं जन्मात कधी डाव मांडला नव्हता. मासिकांच्या वर्गणीदारांचे पत्ते सांभाळायचे, एवढंच तिचं काम, आणि ते तिनं एकतीस वर्षं केलं.

कंपनी सुरू झाली तेव्हा दोन खोल्या होत्या आणि खाली सायकलचं दुकान. कुणी कोणतं मासिक लावलंय, वर्गणी कधी संपते, अंक कुठं धाडायचा, याचा प्रोग्राम मालकानं स्वतः बसून लिहिलेला. प्रोग्रामही मालकासारखाच, काटक आणि हेकट. नावाला चोवीस अक्षरांपलीकडं जागा देत नसे. लांब नावाच्या माणसाचं शेपूट तुटायचं. एकानं तक्रार केली तर मालक म्हणाला, "हे तुमच्या आईबापांनी बघायला हवं होतं."

बाईला मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यादी म्हणजे लोकांचं घर. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही." आधीच्या कारकुनानं घर सोडून गेलेल्या एका बाईचा पत्ता तिच्या नवऱ्याला दिला होता. मालकानं त्याला त्याच दुपारी जिना दाखवला.

नोकरीच्या नवव्या वर्षी पंप-मोटर दुरुस्तीचं एक मासिक कंपनीकडं आलं. वर्गणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडताना एका चिठ्ठीवर पत्तेबाईचा हात थांबला. अक्षर धाकट्या भावाचं होतं. नावही त्याचंच.

बाप पंपाचा मिस्त्री होता. धाकट्यानं एका गिऱ्हाइकाच्या मोटरीचं वाइंडिंग चुकीचं भरलं आणि मोटर जळाली. बापानं चार लोकांत त्याच्या कानाखाली काढली. "तुझ्या हाताला कवडीचा गुण नाही!" पोरगा एकोणीस वर्षांचा. त्यानं पक्कड टेबलावर ठेवली आणि गेला तो गेलाच. पुढं बाप मेला, तर कळवायला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी बाईनं घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "आहे."

"कोण?"

"धाकटा. पंपाचं मासिक लावलंय त्यानं."

"म्हणजे अजून जाळतोय लोकांच्या मोटरी," आई म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मालक होता तोवर त्याचा शब्द बाईनं एकदाच मोडला. धाकट्याला साधं पोस्टकार्ड टाकलं: बाबा गेले, आई बरी आहे, ये. कंपनीचं नाव घातलं नाही. दोन महिन्यांनी पत्ताबदलाची चिठ्ठी तिच्याच टेबलावर आली. दुसरं शहर, आणि घराच्या जागी टपालपेटीचा नंबर. बहिणीपासून लपायला निघालेला माणूस नवा पत्ता बहिणीलाच कळवून बसला होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

आई म्हणाली, "डिवचलं की बीळ बदलतो तो. राहू दे. जिवंत आहे ना, पुष्कळ झालं."

तेव्हापासून तसंच चाललं. वर्ष संपताना शेवटच्या अंकात चिठ्ठी असायची. ती कापायची, भरायची, सही करून पाठवायची. ती आली की बाई घरी जाऊन "आहे" म्हणायची. आई विचारायची, "अक्षर कसं होतं?" वीस वर्षांत वीस वेळा. एकदा चिठ्ठीवर ग्रीसचा अंगठा उठला होता, त्यावर मायलेकी आठवडाभर बोलत होत्या. पुढं पुढं चिठ्ठीत पैशांऐवजी बँकेच्या कार्डाचा नंबर यायला लागला, आणि अक्षर थोडं कापायला लागलं. विसावी चिठ्ठी तर अगदी शेवटच्या दिवशी पोचली. त्या वर्षी बाईला जेवण जात नव्हतं.

मग मालक थकला आणि त्यानं कंपनी विकली. नवे आले, नवा प्रोग्राम आला, आणि एक नवी साहेबीण आली. पोरगी वाईट नव्हती. सगळ्यांना समोर बसवून तिनं समजावलं, "आता चिठ्ठ्या बंद. वर्गणी संपली की कार्डावरून आपोआप भरली जाईल. जुन्या लोकांना पत्र गेलंय. ज्यांचा होकार येईल त्यांच्यापुढं 'आपोआप'ची खूण करायची. बाकीचे मुदत संपली की यादीतून जातील."

"उशिरा कुणाची चिठ्ठी आली तर?"

"तिला नव्या प्रोग्रामात जागाच नाही, ताई."

धाकट्याचा होकार आला नाही. मुदतीला आठवडा उरला, मग चार दिवस, मग एक. तो आळशी आहे, शेवटच्या क्षणी जागा होतो, हे बाईला पक्कं ठाऊक. पण यादीतून गेला तर कायमचाच गेला. दुपारी सगळे चहाला उठले तेव्हा तिनं त्याच्या नावापुढं खूण केली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवं आलं: वर्गणी भरली. बाई उठली, पिशवी घेतली, जिन्याच्या चार पायऱ्या उतरली आणि तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. वर्गणी भरली होती, पण ती कुणी भरली? खूण तिची, पैसे कार्डाचे. यात धाकटा कुठं होता?

ती परत वर गेली. "कार्डाची मुदत संपली की कळेल ना?"

"नाही ताई. नव्या कार्डाचा नंबर बँक आपोआप कळवते."

"आणि आता खूण काढली तर?"

"तर बंद. त्याला मेल जाईल."

"त्याचा मेल नाही."

"मग नुसताच बंद."

"माणूस मेला तर?"

साहेबीण हसली. "ते घरच्यांनी कळवायचं असतं."

घरी आईला ती "आहे" म्हणाली. अक्षराचं विचारल्यावर म्हणाली, "बरं होतं."

पुढच्या वर्षी मासिक छापणंच थांबलं, अंक फोनवर. म्हणजे न घेतलेला अंक परत येण्याचीही सोय गेली. पडद्यावर प्रत्येकापुढं एक नवा रकाना होता: अंक शेवटचा कधी उघडला. धाकट्यापुढं आडवी रेघ.

"अशा रेघा खूप आहेत," साहेबीण म्हणाली. "आपली सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं. लावून विसरलेली."

नोकरी संपायला महिना राहिला तेव्हा बाईनं दुसऱ्यांदा पोस्टकार्ड टाकलं, धाकट्याच्या त्याच टपालपेटीवर. आता तर तिला तो पळालेलाच हवा होता. डिवचलं की बीळ बदलतो, एवढं तरी त्यानं करावं. तिनं रोज सकाळी यादी उघडली. पत्ता बदलला नाही. पोस्टकार्डही परत आलं नाही. तिकडच्या टपाल कचेरीला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "पेटीचं भाडं वेळेवर येतं. कोण भरतं? बाई, ते खात्यातून आपोआप जातं."

शेवटच्या दिवशी तिला फुलं आणि एक घड्याळ मिळालं. यादीचा पासवर्ड पाच वाजता बंद झाला. त्याच दुपारी धाकट्यापुढं आणखी एक हिरवं उमटलं होतं.

घरी आई अंथरुणातच होती. नव्वदी गाठलेली, डोळे गेलेले, कान मात्र तिखट. जिन्यावरची पावलं ऐकूनच तिनं विचारलं, "आली का गं चिठ्ठी?"

"आली. आहे."

"अक्षर?"

बाई फुलं कुठं ठेवावीत ते बघत होती. "थोडं कापलंय."

"कापणारच. वय झालं त्याचं." आईनं पांघरूण वर ओढलं. "आता तू घरी बसणार. मग पुढच्या वर्षी कसं कळायचं?"

"एकीला सांगून ठेवलंय. ती फोन करेल."

"बरं केलंस," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

फोन करणारं कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी अक्षर आणखी किती कापलेलं सांगायचं, ते बाईनं चपला काढता काढता ठरवून टाकलं.