काट्यावर फक्त लेकरू

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून सेनगाव तालुक्यातली बरीच गावं माझ्याकडे होती, आणि तक्त्यांचं मला भारी वेड. दर महिन्याच्या बैठकीत मी सगळ्या सेविकांसमोर वाचून दाखवायची, कुणाच्या गावात कमी वजनाची किती मुलं. कमी असली की कौतुक, जास्त असली की सगळ्यांदेखत खरडपट्टी. आकडे महिन्यागणिक सुधारत होते आणि मी माझीच पाठ थोपटत होते.

एक सेविका मात्र कायम शेवटी. सहा महिने बोलूनही ढिम्म. शेवटी मी तिला कामावरून का काढू नये, अशी नोटीस लिहिली आणि वजनाच्या दिवशी स्वतःच द्यायला गेले.

बाई एका रडक्या पोराचं स्वेटर काढत होत्या. मग हातातलं कडं. मग करगोटासुद्धा.

"अहो, करगोट्याचं असं कितीसं वजन?" मला हसूच आलं.

"असू द्या म्याडम, काट्यावर फक्त लेकरू पायजे."

त्यांनी काटा शून्यावर आणला, पोर शांत होईस्तोवर थांबल्या आणि मगच आकडा लिहिला. बाकीच्या गावांत मुलं जाकिटासकट काट्यावर बसायची. मी ते बघितलं होतं आणि गप्प बसले होते.

"बाकीच्या असं काहून करत नाहीत?" मी विचारलं.

"तुमी रागावता म्हणून," बाई म्हणाल्या. टोमणा नव्हता, साधं उत्तर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोटीस मी तिथेच फाडली.

पुढच्या महिन्यात प्रत्येक गावात स्वतः उभी राहून तशीच वजनं करवली. माझा तक्ता जिल्ह्यात थेट तळाला गेला आणि साहेबांनी मलाच खुलासा मागितला. मी लिहून दिलं, "मुलं तीच आहेत, वजन आता खरं आहे." इतक्या आनंदाने खुलासा कुणी लिहिला नसेल.

कारण माझ्या पहिल्या नंबरच्या गावातली दोन वर्षांची एक मुलगी, तक्त्यात वर्षभर ठणठणीत असलेली, त्या खऱ्या वजनात इतकी हलकी भरली की तिला आईसकट तडक हिंगोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आता ती घरी परतलीय. परवा तिला कडेवर घेऊन गावातून निघाले. पाराजवळ पोचेपर्यंत माझा हात भरून आला.