केरेअक्काचा बेडूक मिरजेला आणताना

संजयनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विहीर बुजवायला मुरमाचा ट्रॅक्टर सांगितला आणि मी त्याच दुपारी बेंगळुरूची दोन तिकिटं काढली.

मिरजेबाहेर माझी गुलाबांची रोपवाटिका आहे. तिची विहीर गेले दोन उन्हाळे ठणठणीत कोरडी. टँकरचं पाणी खारट, रोपांची पानं कडेनं करपतात. "पुरे आता, बंद कर, दमलीस तू," असं तो प्रेमानंच म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटचा प्रयत्न म्हणून केरेअक्काकडे जायचं, तिनंही नाही म्हटलं तर मुकाट्यानं बंद, असं आमचं ठरलं.

ज्यांना केरेअक्का माहीत नाही त्यांच्यासाठी: कन्नडात केरे म्हणजे तळं. बेंगळुरूतल्या चामराजपेटेत तिचं तळं बुजवून शहरानं वर घरं बांधली, पण ही देवी काही हलली नाही. तळ्यात फेकलेल्या तांब्याच्या तारा, मोबाइलचे तुकडे आणि शेवाळ यांतून ती बेडूक घडवते. हे तिचे दूत. आटलेल्या विहिरीत उतरून ते जमिनीखालच्या झऱ्यांना हाका मारतात. कुणाबरोबर जायचं हे दूत स्वतः ठरवतो. आपल्या विहिरीतला गाळ कळशीत न्यायचा, आणि एका विहिरीसाठी एकदाच जायचं, एवढेच नियम.

निघताना बॅगेची चेन तुटली. संजयनं विहिरीवर पडलेला जुना दोर आणून ती करकचून बांधली. अवतार बघून मला लाजच वाटली, पण गाडीची वेळ झाली होती.

मिरजेहून रात्रीची गाडी सोयीची, सकाळी बेंगळुरूत. मेट्रोनं चिकपेट गाठा. कापडबाजारातले लॉज स्वस्त आणि स्वच्छ आहेत, फक्त खिडकी उघडू नका, हातगाडीवाल्यांचा आवाज थेट उशाशी येतो. नाश्त्याला मात्र बसवनगुडी. इडली-वडा, आणि एक कॉफी दोघांत, तिला तिथं बाय-टू म्हणतात. बेडकामागं एवढ्या लांब कशाला, असं गाडीभर कुरकुरणारा माझा नवरा तिसऱ्या इडलीनंतर एकदम भाविक झाला.

लॉजवर परतून कळशी उघडली तर गाळाला असा वास! देवीपुढे हे कसं न्यायचं? खालच्या दुकानातून चिंच आणली, गाळ मोरीत ओतला, कळशी घासून लख्ख केली आणि फिल्टरचं पाणी भरून वर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. काय शोभत होती म्हणून सांगू. लॉज सोडला आणि बॅग घेऊन निघालो.

चामराजपेटेला चिकपेटहून चालत जाता येतं. आम्ही रिक्षा केली आणि ट्रॅफिकमध्ये बसून पुढे जाणाऱ्या पादचाऱ्यांकडे बघत राहिलो.

दोन घरांच्या फटीत लोखंडी फाटक, आत पायऱ्या खाली उतरत जातात. तिथं सुमित्राक्का भेटल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथं असलेल्या मराठी घरातल्या, नोकरी सांभाळून देवीचं बघतात. आमची मराठी स्वल्प वेगळी हं, असं म्हणत त्यांनी हसून स्वागत केलं. दक्षिणा घेत नाहीत, एक रोप द्यायचं. मी नेलेला गुलाबी गुलाब त्यांनी लगेच वरच्या पायरीवर, आधीच्यांच्या रोपांशेजारी ठेवला.

शेवटच्या पायरीखाली पाणी. त्यात हिरवा उजेड, श्वासासारखा वरखाली होणारा. ती केरेअक्का. थोड्या वेळानं आमचेही श्वास तिच्या लयीत चालू लागले. मला भीती वाटली आणि खूप शांतही वाटलं. मग बेडूक वर आले, कातडीखाली तांब्याच्या बारीक तारा, गळ्यात लुकलुकणारा दिवा. संजयचे हात आपोआप जोडले गेले.

एक बेडूक कळशीपाशी आला, हुंगलं आणि परतला. दुसराही तसाच. सुमित्राक्कांनी आत डोकावून गाळाचं विचारलं. मी सांगितलं काय केलं ते.

"अय्यो! पत्ताच धुऊन टाकलात की तुम्ही."

त्या गाळाच्या वासावरूनच बेडकाला कळतं कुठं जायचं. हे ऐकून मी पायरीवर बसून ढसाढसा रडले. माझी विहीर मीच बुजवली होती, ट्रॅक्टर लागलाच नाही.

 जायला म्हणून संजयनं बॅग उचलली, तोच अंगठ्याएवढा एक बेडूक टुणकन उडी मारून बॅगेवर चढला आणि दोराला घट्ट बिलगला.

"हा दोर कुठला?" सुमित्राक्कांनी विचारलं.

"आमच्या विहिरीचा," संजय हळूच म्हणाला.

"सरी, ठीक आहे. मग निघा लवकर, त्याला घाई दिसतेय."

परतताना बेडूक कळशीत ठेवायचा, पण झाकण लावायचं नाही आणि एसीचा डबा घ्यायचा नाही, तो आखडतो. गाडीत शेजारच्या बाईंनी त्याच्या पाया पडून घेतलं. कळशी संजयनं मिरजेपर्यंत मांडीवर धरली, मला हातही लावू दिला नाही. म्हणे तू घासून ठेवशील.

घरी येताच दोर विहिरीत सोडला. बेडूक सरसर खाली गेला. मग आतून नुसती टकटक ऐकू यायची, पाणी काही नाही. बॅगेला नवी चेन बसली, मी मात्र रोज काठावर जाऊन बसायची. इतक्या लांब जाऊन आपण काय आणलं, हेच कळत नव्हतं. आशा तेवढी सुटत नव्हती.

ठरल्या दिवशी मुरमाचा ट्रॅक्टर दारात आला. संजय त्याला थांबवून विहिरीकडे गेला आणि दोर ओढू लागला. कोरडा, कोरडा, कोरडा, आणि शेवटचं हातभर टोक ओलं. त्यानं ते गालाला लावून बघितलं. मग माझ्याकडे न बघताच ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगितलं,

"मुरूम वाटेवर पसर. पाणी आलं की इथं चिखल होणार, गिऱ्हाइकांच्या गाड्या रुततील."