एदोगावातली संध्याकाळची पाळी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र नाही. ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. नव्वदचं दशक होतं. माझे वडील पुण्याचे, आई जपानी. मी तोक्योच्या एदोगावा भागातल्या एका पोलीस ठाण्यात तपासकामावर होतो.

खबर आणली रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांनी. ठाण्यात बसून ते आधी हवापाण्यावर बोलले. आमच्याकडे तक्रार अशीच वळसा घालून येते. मग म्हणाले, "आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अपंग बाई एकट्या राहतात. चाकाच्या खुर्चीवर असतात, बोलणंही नीट कळत नाही. रोज संध्याकाळी एक परदेशी तरुण किल्लीने दार उघडून आत जातो. बूट बाहेर काढून ठेवतो. तक्रार अशी नाही, पण..."

त्या बाईंना कोणी विचारलं का, असं मी म्हटलं. अध्यक्षांना माझा प्रश्नच विचित्र वाटला.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला चौकशीला बोलावलं. विद्यापीठात पीएचडी करणारा, आणि निघाला मराठी! म्हणून तो माझ्या वाट्याला आला. वरिष्ठांचं मत ठरलेलं होतं. "बूट बाहेर का? पटकन पळता यावं म्हणून." मला हसू आलं. इथे बूट दाराच्या आत काढतात. बाहेर काढणारा एकच माणूस मी पाहिला होता, माझे वडील. आई जन्मभर ते उचलून आत आणत राहिली. वाईट हेतूने आलेला माणूस आपले बूट शेजाऱ्यांसमोर मांडून ठेवत नाही, असं मी वरिष्ठांना सांगितलं. "मग आत काय करतो, ते विचार," ते म्हणाले.

"किल्ली कुठून मिळाली?"

"त्यांनीच दिली, सर."

"आत काय करतोस?"

"मदत."

"कसली मदत?"

"ते त्यांनी सांगायचं. मी नाही सांगणार."

"गप्प राहिलास तर व्हिसा जाईल. समजतंय का?"

पोरगा घामाघूम झाला होता. "समजतंय, सर. पण तुम्ही त्यांनाच विचारा ना."

खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता. मी बाईंच्या घरी गेलो. त्यांची आई आलेली होती. मी मुलीला विचारायचो, उत्तर आई द्यायची. शेवटी आईंना बाहेर थांबायची विनंती केली. बाईंचा एकेक शब्द यायला वेळ लागायचा, पण धीर धरला की सगळं कळत होतं.

"शौचाला नेतो. कपडे बदलतो. बिछान्यावर निजवतो. मीच शिकवलं त्याला. वॉर्ड ऑफिसची मदतनीस दुपारीच जाते. पुढे मी काय करायचं? संध्याकाळसाठी माणूस मागितला, तर म्हणाले, आईकडे जा, नाहीतर अपंगांच्या संस्थेत. संस्थेतच वाढले मी. तिथे परत जायचं नाही."

म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या फाटकावर 'मदतीला माणूस हवा' अशी पत्रकं वाटली. मदतीला बाई कोणी मिळाली नाही. हा आला आणि टिकला.

त्याला लगेच सोडलं. आम्ही सगळ्यांनी साप साप म्हणून भुई धोपटली होती. पण दारात पोलीस येऊन गेले, ते काही पुसलं जात नाही. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला तिकडे जायला बंदी केली. दुसरा कोणी येईना. मी स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन संध्याकाळच्या मदतनीसासाठी भांडलो. कारकुनाने चहा दिला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "तशी तरतूद नाही. फार दिलगीर आहोत." नम्रपणे एखाद्याची वाट कशी लावावी, ते आमच्याकडून शिकावं.

बाई डोंगरातल्या संस्थेत परत गेल्या. मी एकदा भेटायला गेलो. कसं चाललंय, असा मूर्ख प्रश्न विचारला.

"इथे संध्याकाळी माणसं आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "मी केव्हा झोपायचं, ते तीच ठरवतात. बाहेर उजेड असतानाच झोपवतात."

अध्यक्षांना विचारलेला तो प्रश्न पुढे माझी सवयच झाला. कोणी कुणाची काळजी वाटते म्हणून ठाण्यात आला, की मी पहिला प्रश्न करायचो, "त्यांना विचारलंत का?" बहुतेकांनी विचारलेलं नसायचं.

फाईलवर शेवटी शेरा पडला, 'गुन्हा आढळला नाही'. त्याखाली सही माझी आहे. त्या पोरापुरता तो शेरा खरा, आमच्यापुरता मला आजही पटलेला नाही.