कोणालाही सुचलं असतं

स्वतःच्या अकलेवर माझ्या साडूंइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात नसेल. मी हिशेबी माणूस आहे, अंदाजाने बोलत नाही. बोथ गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. संध्याकाळी कुलूप स्वतः लावायचे आणि ते लागलं की नाही हे शेजारच्या किराणावाल्याला ओढून बघायला लावायचे. फोटो देताना गिऱ्हाइकालाच विचारायचे, "हे तुमीच हाये ना? नीट पाहून सांगा."

अशा माणसाच्या हातून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक शोध लागला. वारलेल्या वडिलांना घरच्यांच्या फोटोत बसवून द्या, अशी मागणी नेहमीची. त्यासाठी दोन निगेटिव्ह एकाच कागदावर पाळीपाळीने छापायच्या आणि दर वेळी अर्धा कागद पुठ्ठ्याने झाकायचा. मधला जोड मात्र सुरीने कापल्यासारखा दिसे. साडूंनी सागाची चौकट केली. ती पुठ्ठा कागदाच्या दोन बोटं वर धरायची आणि छपाई चालू असताना हळूहळू सरकवायची. जोड विरघळून गेला. मी भिंग घेऊन शोधला, सापडला नाही.

पेटंट घ्याच, असं मी बजावलं. नागपूरच्या वकिलाने अर्ज तयार केला आणि जाताजाता सांगितलं, "धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचेल त्याला पेटंट मिळत नाही." झालं! साडूंचं जेवण कमी झालं. "साडूभाऊ, मले सुचलं म्हंजे कोणालेही सुचलं असतं."

मी परीक्षा ठरवली. तीन जुन्या फोटोग्राफरांना त्याच दोन निगेटिव्ह आणि महिन्याची मुदत दिली. चौकटीबद्दल अवाक्षर नाही. तिघांचेही जोड ढळढळीत दिसले. तीनपैकी तीन नापास. "आता सही करा," मी म्हटलं. साडूंनी पेन उघडलं, पण सहीआधी तिघांना चौकट दाखवल्यावाचून त्यांना राहवेना.

"हात्तेरी! येवढंच होय?" त्यांतला उटनूरचा फोटोग्राफर म्हणाला. "हे तर कोणालेही सुचलं असतं!"

"पाहा!" साडू खटला जिंकल्यासारखे माझ्याकडे वळले. "आमी काय म्हणून राह्यलो होतो?"

"मंग महिनाभर काऊन नाई सुचलं यायले?" मी विचारलं.

साडूंनी पेनाला टोपण लावलं. अर्ज गेलाच नाही.

पाचसहा वर्षांनी आम्ही वांकिडीला एका लग्नाला गेलो. तिथल्या नव्या फोटोग्राफरने कौतुकाने तशीच चौकट दाखवली. साडूंनी ती सरकवून पाहिली. "कोणी काढली हो ही युक्ती?"

"त्यात काढाचं काय, काका? सगळेच असं करतात."

मी तोंड उघडणार तोच साडूंनी माझा हात दाबला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर कपाशी बघत होते. मग हळूच म्हणाले, "आपली चौकट तिच्याहून हलकी सरके, नाई?"

"पुष्कळच," मी म्हणालो.