खाला आणि शेवटचे प्रकरण

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर रोहन म्हणाला की तिकडे त्याच्या मित्रांचे एक वाचकमंडळ आहे, आणि ते फक्त खुनाच्या आणि कोर्टकचेरीच्या कादंबऱ्या वाचतात. वाचून झाले की प्रत्येकाने मत द्यायचे. "आजी, तुमच्या वेळी असले काही नसेल ना?" असे त्याने विचारले. त्याचे उत्तर फोनवर मावणारे नव्हते. शिवाय खालाला पाहिलेले माझ्याखेरीज आता फारसे कोणी उरलेले नाही. म्हणून हे लिहून पाठवते. खालाची बोली तुम्हाला नवी वाटेल. मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल. धाकट्या नेहाला रोहनने वाचून दाखवावे.

खाला कुणालाही शेवटचे प्रकरण लगेच वाचू देत नसे. मी पुस्तकात तिथवर आले की ती हात वर करी, सुपारीचा डबा मिटवी, उठून माठांत पाणी भरून येई, कोंबड्यांना दाणे टाकी, आणि मग पुन्हा ओसरीवर बसून म्हणे, "हं. आता बोला. कोन कोनाले धरते?" ओसरीवरच्या प्रत्येकाने खुनी कोण ते सांगायचे आणि का तेही सांगायचे. नुसते नाव तिला चालत नसे. "नाव तं पोपट बी घेते," ती म्हणे. "काहून धरलं ते सांग."

हे वाशीमचे, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधीचे. माझे वडील वाशीमला वकील होते. बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या लिलावात त्यांनी इंग्रजी पुस्तकांची एक पेटी घेतली होती. माझे इंग्रजी सुधारावे म्हणून ती त्यांनी माझ्या हवाली केली. वरची तीन-चार धर्माची निघाली. खाली सगळे खून. वडिलांनी कपाळाला आठी घातली, पण पेटी परत घेतली नाही. पुढे तेही रात्री एखादे घेऊन बसत.

आमच्या आणि खालाच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिचे नाव खैरुन्निसा. आम्ही सगळी मुले तिला खाला, म्हणजे मावशी, आणि तिच्या नवऱ्याला खालू म्हणत असू. खालूंचे बाजारात कापडाचे दुकान होते. एका दुपारी मी पायरीवर वाचत बसले होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "काय वाचून राह्यली वं पोट्टे? भूत पायल्यासारखं तोंड झालं तुयं."

मी सांगितले की एका बंगल्यात एक बाई मरून पडली आहे आणि तिला विष दिलेले आहे.

"कोनं देल्लं?"

"ते शेवटी कळेल."

"मंग इकडं ये अन् मले बी सांग. एकटीच काय भेऊन राह्यली."

असे ते सुरू झाले, आणि हळूहळू गल्लीतली मुलेही ओसरीवर येऊन बसू लागली. मी मनात मराठी करत करत वाचत असे आणि खाला सुपारी कातरत ऐके. तिला अक्षरओळख नव्हती, पण वाचक म्हणून ती फार करडी होती. तिची मते मला अजून आठवतात. पुस्तकातली माणसे प्रेताच्या शेजारच्या खोलीत चहा पितात, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही. "मुडदा घरात, अन् हे बिस्कुटं खाऊन राह्यले! रडाले कोनीच नाई काय यायच्यात?" घरात खून झाला त्या दिवशी चूल कोणी पेटवली, हे एकाही लेखकाने लिहिले नव्हते, याचाही तिला राग होता. एकदा खुनी असा निघाला की तो फक्त शेवटच्या दहा पानांत आला होता. तेव्हा तिने माझ्या हातातले पुस्तक घेऊन उलटे ठेवले. "हा लिहिनारा बेइमान हाय. जो मानूस मले दाखवलाच नाई, त्याले मी वळखू कशी? परत दे त्या साहेबाले."

दुपारी दुकान बंद ठेवून खालू ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर तोंडावर पंचा टाकून पडत. ते झोपलेले असतात असा आम्हा सर्वांचा समज. पहिल्याच पुस्तकाच्या वेळी, खालाने "कोन कोनाले धरते" म्हणताच पंच्याखालून आवाज आला, "कोचवान."

"जागे हाव वाटते?" खाला म्हणाली. "काहून कोचवान?"

"बोलत नाई तो. साहेबानं इचारलं तं खाली पायते. खरा मानूस झटकन जवाब देते."

खुनी डॉक्टर निघाला. त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार होते. दुसऱ्या पुस्तकात खालूंनी स्वयंपाकीणबाईला धरले, कारण ती नुसती रडत होती. खून धाकट्या भावाने केला होता. तिसऱ्यात त्यांनी एका मुक्या माळ्याला धरले. त्या वेळी तर खाला पदर तोंडाला लावून हसली. "अहो, तो जनमाचा मुका हाय! तो बोलंन कसा?" खालू रागावून बाजेवरून उठले आणि त्या दिवशी दुकान वेळेआधीच उघडले.

यात हसण्यासारखे खूप होते. पण खालाच्या मनात दुसरेच काही चालले होते, आणि ते समजायला तुम्हाला सखारामची गोष्ट सांगितली पाहिजे.

सखाराम अनसिंगच्या वाटेवर मळा करत असे. वांगी, मेथी, कांदे. त्याच्या मळ्याला लागून एका व्यापाऱ्याची कापसाची वखार होती. पाण्याच्या पाटावरून दोघांचे भांडण झाले आणि दुसऱ्याच दिवशी वखारीला आग लागली. सखाराम आगीपासून पळताना लोकांनी पाहिला. खटला अकोल्याच्या सेशन कोर्टात चालला. त्या काळी अशा खटल्यात जजसाहेबांजवळ जिल्ह्यातली काही प्रतिष्ठित माणसे बसवत. त्यांना असेसर म्हणत. पुरावा ऐकून त्यांनी आपले मत सांगायचे. ते मानायचे की नाही, हे जजच्या हाती. खालू त्या खटल्यात असेसर होते. शेरवानी घालून ते मोटारने अकोल्याला गेले होते आणि त्यांनी मत दिले होते: गुन्हेगार. कोर्टात काही विचारले की सखाराम अडखळून खाली बघे, एवढेच त्यांच्या मनात राहिले होते.

जजसाहेबांनी पुरावा अपुरा म्हणून सखारामला सोडले. पण वाशीमच्या बाजारात जजसाहेबांना कोण ओळखत होते? खालूंना सगळे ओळखत. त्यांचे माप कधी कमी भरले नव्हते, शब्द कधी फिरला नव्हता. खालू म्हणतात तर आग त्यानेच लावली, असे बाजाराने ठरवून टाकले. बाजारात सखाराम पोते अंथरून भाजी मांडी, त्या पोत्यासमोर लोक थांबेनासे झाले. त्याची भाजी संध्याकाळी तशीच परत जाई.

त्याची बायको गिरजा मागच्या दाराने खालाकडे येई. खाला तिच्याकडून भाजी घेई, खालूंना न सांगता. एके सकाळी मी भिंतीपाशी उभी असताना गिरजा म्हणाली, "खाला, चार बाजार पाहून घेतो. नाई इकलं तं मळा सोडतो अन् अकोल्याले जिनिंगच्या कारखान्यात जातो. बैल इकाले काढले घरधन्यानं." तिच्या कडेवर मूल होते. खालाने त्याच्या हातात गुळाचा खडा दिला.

गिरजा गेल्यावर मी म्हटले, "खाला, तुम्ही खालूंना सांगत का नाही?"

"सांगतलं ना. हज्जारदा सांगतलं." ती म्हणाली. "त्याइले कोनी सांगतलं का ते कोंबड्यासारखे मान ताठ करते. अकोल्याले जाऊन मत देल्लं त्याइनं. बायकोच्या सांगन्यावरून फिरवंन काय? ज्याचं त्याले दिसलं पायजे."

तेव्हा मला कळले की ती दर वेळी "काहून धरलं" असे का विचारत होती.

पेटीतले पुढचे पुस्तक कोर्टाचेच होते. मी ते आधी वाचून काढले. त्यात एका श्रीमंत म्हाताऱ्याचा खून झालेला असतो. त्याचा एक कारकून असतो, अबोल, कोणाच्या डोळ्याला डोळा न देणारा. आणि खून त्यानेच केलेला असतो.

मी सकाळीच भिंतीवरून वाकून खालाला हळूच सांगितले, "हे नको घ्यायला. यात खालू बरोबर येतील."

खालाने हातातली सुपारी खाली ठेवली. "खरंच तोच हाय?"

"हो. पण मी शेवट बदलून सांगू शकते. खून पुतण्याने केला असे म्हणते. कोणाला कळणार आहे?"

मला वाटले ती खूश होईल. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी भिंतीवरचा हात काढून घेतला. "खोटं वाचशीन त्याइच्यासमोर? नाई वं. जसं लिहिलं तसंच वाच. बरोबर येतीन तं येऊ दे. मी काई त्याइले हरवाले नाई बसली."

ते पुस्तक आम्ही आठवडाभर वाचले. शेवटच्या प्रकरणाआधी खाला पाणी भरून आली, दाणे टाकून आली. "हं. बोला."

"कारकून," पंच्याखालून आवाज आला.

मी वाचले. कारकूनच होता. मी शेवटचे वाक्य संपवून मान वर केली नाही. आता खालू उठून बसतील, मिशा पिळतील आणि सखारामचे नाव घेतील, याची मी वाट पाहत होते. खालू उठून बसले खरे. मिशांना हात लावला नाही.

"आले ना बरोबर," खाला म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "काहून धरलं होतं त्याले?"

"बोलत नव्हता."

"अन् त्या कोचवानाले?"

"तो बी बोलत नव्हता."

"त्या रडत्या बाईले?"

खालूंनी पंचा हातात घेतला.

"मुक्या माळ्याले?"

"बस कर, खैरू." खालू पंच्याची घडी करू लागले, एकदा, पुन्हा एकदा, मग उलगडून परत. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "या टायमाले बरोबर आलो. पन कारन तं तेच होतं."

खालाने सुपारीचा डबा उघडला. सखारामचे नाव तिने घेतले नाही, मीही नाही. खालूंनी टोपी घातली आणि भर उन्हात बाहेर पडले.

पुढच्या आठवडी बाजारात मी वडिलांबरोबर होते. खालू आयुष्यात कधी भाजीच्या रांगेत आले नव्हते; त्यांच्या घरची भाजी नोकर आणी. त्या दिवशी ते सरळ सखारामच्या पोत्यासमोर येऊन उभे राहिले. आजूबाजूच्या बायकांचे भाव करणे थांबले. खालू खाली बसले, शेरवानीची फिकीर न करता, आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सखाराम, आग दिसल्यावर तू पळाला काहून?"

सखारामने मान खाली घातली. कितीतरी वेळ तो काही बोलला नाही. मागून कोणी तरी म्हणाले, "पाहा, आता बी बोलत नाई." खालूंनी मागे न बघता हात वर केला, खाला करी तसाच. आणि ते थांबून राहिले. मी इतका धीर धरलेला माणूस त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटी सखाराम म्हणाला, "बैल बांधले होते मळ्यात. ठिनग्या तिकडं उडून राह्यल्या होत्या. सोडाले पळालो."

"मंग कोर्टात काहून नाई सांगतलं, लेका?"

"सांगाले लागलो..." पुन्हा तो थांबला. खालूही थांबले. "सांगाले लागलो तं वकीलसाहेबानं दुसरं इचारलं. त्याचं सांगाले लागलो तं तिसरं इचारलं."

खालूंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "माया बी ध्यान दुसऱ्यावरच होतं, तुया खाली घातलेल्या मानेवर." ते पोत्याकडे वळले. "वांगे दे."

"किती?"

"दोन्ही हातांत मावतीन तितके. अन् वर एक मेथीची जुडी."

पिशवी आणायला ते विसरले होते. कापडाचे एवढे मोठे दुकानदार दोन्ही हातांत वांगी घेऊन, वर मेथीची जुडी छातीशी धरून, सगळ्या बाजारातून चालत घरी गेले. त्यांच्यामागे सखारामच्या पोत्यापाशी एक म्हातारी वाकली आणि तिने कांदे चाचपून पाहिले. मग आणखी एक. सगळा बाजार काही त्या दिवशी फिरला नाही. काही लोक पुढे वर्षभर त्याच्याकडून घेत नव्हते. पण बैल विकले गेले नाहीत, आणि गिरजा अकोल्याला गेली नाही.

घरी खालाने ती वांगी एकेक करून फिरवून पाहिली. "चार किडके हायत," ती म्हणाली. "पाहून घ्याले नाई जमत तुमाले?"

"भाजी कर," खालू म्हणाले. "किडीसंगट कर."

ती हसता हसता आत गेली ती डोळे पुसतच बाहेर आली. चुलीचा धूर गेला म्हणाली. चूल तेव्हा पेटलेलीही नव्हती.

माझे लग्न होऊन मी नागपूरला आले. सुट्टीत वाशीमला गेले की मी खालाकडे एखादे पुस्तक घेऊन जाई. उतारवयात तिला कमी दिसू लागले, पण ऐकायला ती पूर्वीइतकीच तल्लख होती आणि लेखकांवर पूर्वीइतकीच रागवे. खालू तिच्याआधी गेले. शेवटच्या भेटीत मी तिला विचारले की इतक्या पुस्तकांतले सर्वांत चांगले कोणते. "ज्याच्यात मी चुकली," ती म्हणाली. "अन् चुकली कुठं ते मले समजलं."

रोहन, तुझ्या मंडळात एखादा पटकन मत देणारा असेल तर त्याला फारसे टोकू नकोस. फक्त दर वेळी कारण विचारत जा. मी खालाकडून एवढेच शिकले आणि मला ते पुरले.

खालाचे घर आता नाही. तिथे दुकाने आहेत. पेटीतली पुस्तके वाळवीने खाल्ली. अनसिंगच्या वाटेवर सखारामचा मळा आहे, आणि त्याचा नातू तो करतो.