घाटावर धुतलेले पाय

मी पळून जाऊन लग्न केलं, असं गावात म्हणतात. ते खोटं आहे. आम्ही सेलूहून एसटीनं गेलो, तेही बसायला जागा नाही म्हणून एक गाडी सोडून. माझं माहेर गावातलं, जमीनजुमलावालं. नवऱ्याचं घर गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं. वडिलांनी शपथ घेतली, "त्यो माझा उंबरा चढणार न्हाई." आणि लोकांना सांगितलं, पोरगी शिकायला बाहेर आहे. एवढी वर्षं शिकून मी एव्हाना दोनदा डॉक्टर झाले असते.

आईनं मात्र ती शपथ नीट ऐकून घेतली होती. धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास आला की आमच्याकडं लेक-जावयाला बोलावतात, जावयाचे पाय धुऊन अनारशांचं वाण देतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात. जावई त्या दिवसापुरता विष्णू. मागच्या धोंड्यात आईचा फोन आला, "गंगाखेडला गोदावरीवर ये, जावयाला घेऊन. घाटाला कुठं उंबरा असतोय?"

पोचलो तर आईसोबत वडीलही. आपण फक्त अंघोळीच्या पुण्यासाठी आलोय, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं पाठ करून ते पायरीवर बसले आणि सारखे खाकरत राहिले. पाठ फिरवलेल्या माणसाला तेवढंच उरतं. नवरा माझ्या कानात म्हणाला, "विष्णू व्हायचं लय टेन्शन आलंय." मला हसू येईना. आज वडील उठून गेले तर पुन्हा त्यांची आस धरायची नाही, हे मी ठरवूनच आले होते.

आईनं परात मांडली, नवऱ्याला त्यात पाय ठेवायला लावले आणि हाक मारली, "अवो, या. हे जोडप्यानं करायचं असतंय."

"तूच कर."

"करते. मग पुण्य माझं, पाप तुमचं."

पापाला वडील फार भितात. उठले. तांब्या घेतला, पण तोंड नदीकडं. सगळं पाणी पायरीवर.

"दगडाला जावई करून घ्यायलाव का?" आई म्हणाली.

वडिलांनी मान वळवली. तांब्या मात्र छातीएवढा उंच धरून तिथूनच धार सोडली. आमच्या घराचा हातच तसा वळलाय. आमच्या विहिरीवर नवऱ्याच्या आजीला असंच वरून पाणी वाढत, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. हे नवऱ्याला माहीत होतं, मला माहीत होतं. धार मध्येच थांबली तेव्हा कळलं, वडिलांनाही आठवलं होतं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून आधी त्यांनी एक टेकला, मग दुसरा. नवरा गडबडून पाय मागं घ्यायला लागला, तर त्यांनी त्याचा घोटा धरला. "हलू नका," म्हणाले, आणि हातानं चोळून पाय धुतला, बोटांच्या बेचक्यांसकट.

मी रडायला लागले. भर घाटावर, चारचौघांत, आणि मला जराही लाज वाटली नाही.

"आत्ताच काय रडती," आई म्हणाली, "अजून दुसरा पाय राहिलाय."